पाळी लांबली, चाचणी मात्र ‘नाही’ म्हणते

प्रश्न : माझे वय २८ असून लग्नाला दोन वर्षे झाली आहेत. आम्ही सासूबाईंसह वारज्याला राहतो आणि नोकरीसाठी मी रोज दुचाकीवरून हिंजवडीला जाते. माझी पाळी कधी २८ दिवसांनी, तर कधी ३६ दिवसांनी येते. शेवटची पाळी ५ जूनला आली. ५ जुलैला घरी चाचणी केली, ती नकारात्मक आली. ६ आणि ७ जुलैला तपकिरी डाग दिसले, म्हणून पाळी सुरू झाली असे वाटले, पण पुढे काहीच झाले नाही. आज १४ जुलै आहे. छातीला धक्का लागला तरी दुखते, दुपारी डोळे मिटतात, फोडणीचा वास नकोसा होतो आणि घशाशी आंबट येते. सासूबाई म्हणतात, चेहराच सांगतो, दिवस गेले आहेत; पती म्हणतात, ही ॲसिडिटी आहे. मधल्या काळात कंबर दुखत होती म्हणून मी आयब्युप्रोफेनच्या दोन गोळ्या घेतल्या. १ ऑगस्टला नव्या कंपनीत रुजू व्हायचे आहे आणि त्याआधीच्या वैद्यकीय तपासणीत छातीचा एक्स-रे आहे. खरे सांगायचे तर हे मूल आत्ता हवे की नको, हेही मला नीट उमगत नाही. लक्षणांवरून काही ठरवता येते का? आणि श्रावणी सोमवार धरू की नको?
— एक वाचक, वारजे

उत्तर : उद्या सकाळी उठल्यावर पहिल्या लघवीची चाचणी पुन्हा करा. ५ जुलैची चाचणी तुम्ही नीट केली असेल, तरी ती फार लवकर केलेली होती, आणि तिच्या ‘नाही’ला आज काहीही किंमत नाही. असे मी का म्हणते, ते तुमच्याच तारखांवरून उलगडून सांगते. तुम्ही त्या लिहून पाठवल्यात हे फार चांगले केलेत.

स्त्रीबीज मागच्या पाळीनंतर १४ दिवसांनी बाहेर पडते असे पुष्कळ जणी धरून चालतात. प्रत्यक्षात ते पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी बाहेर पडते. तुमचे चक्र २८ दिवसांचे असते तेव्हा हा हिशेब १८ जूनच्या आसपास येतो. पण या खेपेला चक्र ३६ दिवसांचे होणार असेल, तर बीज २६ जूनच्या सुमारास बाहेर पडले असेल. गर्भधारणा झालीच असेल, तर फलित बीज बीजवाहक नळीतून गर्भाशयात येऊन अस्तरात रुजायला ६ ते १२ दिवस लागतात, म्हणजे ते २ ते ८ जुलैच्या दरम्यान केव्हातरी रुजले असणार. चाचणीत जे संप्रेरक शोधले जाते ते एचसीजी, आणि ते रुजण्याच्या सुमारासच रक्तात उतरू लागते. सुरुवातीला ते दर दोन-तीन दिवसांनी जवळपास दुप्पट होत जाते आणि लघवीत ओळखू येण्याइतके व्हायला आणखी काही दिवस जातात. तुम्ही ५ जुलैला चाचणी केलीत तेव्हा शोधण्याजोगे काही तयारच झाले नसण्याची शक्यता मोठी आहे. ६ आणि ७ तारखेचे तपकिरी डागही याच काळातले आहेत. गर्भ रुजताना काहींना असे थोडेसे डाग पडतात, मात्र पुष्कळ जणींना ते मुळीच पडत नाहीत आणि पाळी लांबण्याच्या वेळी इतर कारणांनीही पडतात. त्यामुळे डागांवरून मी काही ठरवणार नाही.

आज मात्र तुमच्या सर्वांत लांबलेल्या चक्राच्याही पुढे तीन दिवस गेले आहेत. अनियमित पाळी असलेल्या स्त्रीने ‘किती दिवस चुकले’ हे नेहमी आपल्या सर्वांत लांब चक्रापासून मोजावे, म्हणजे घाईची चाचणी आणि तिच्यामागून येणारी निराशा किंवा खोटा दिलासा, दोन्ही टळतात.

आता लक्षणांविषयी. तुम्ही सांगितलेले प्रत्येक लक्षण गरोदरपणाच्या सुरुवातीला दिसते हे खरे आहे, पण त्यांतले बहुतेक सगळे पाळीच्या आधीच्या आठवड्यातही दिसते, आणि याला शरीरातलेच कारण आहे. बीज बाहेर पडल्यानंतर, गर्भ राहो वा न राहो, प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढते. छाती जड होणे, पोट फुगल्यासारखे वाटणे, मलावरोध, दुपारची ग्लानी, उगाच रडू येणे हे सारे मुख्यतः त्याचे काम असते. गर्भ राहिला नसेल तर हे संप्रेरक खाली येते, पाळी सुरू होते आणि छातीचे दुखणे एक-दोन दिवसांत ओसरते. गर्भ राहिला असेल तर ते वाढतच राहते आणि लक्षणे पाळीची तारीख उलटून गेल्यावरही टिकतात, बहुधा वाढतात. म्हणून पाळीच्या तारखेआधी आरशासमोर उभे राहून रोज एकेक लक्षण तपासत बसण्यातून मनस्तापाखेरीज हाती काही लागत नाही. तारीख गेल्यानंतरही लक्षणे टिकून राहणे याला मात्र थोडे वजन आहे, आणि तुमच्या बाबतीत तसे झाले आहे.

वासाचे म्हणाल, तर लसणाची फोडणी, उकळता चहा, सहकाऱ्याचे अत्तर अशा रोजच्या वासांनी अचानक पोटात ढवळू लागणे हे गरोदरपणाच्या आरंभी वारंवार ऐकू येणारे लक्षण आहे. मळमळ शेवटच्या पाळीपासून मोजलेल्या पाचव्या-सहाव्या आठवड्यात सुरू होते, नवव्या आठवड्याच्या आसपास सर्वाधिक असते आणि बहुतेकींची बाराव्या ते सोळाव्या आठवड्यापर्यंत थांबते. ती केवळ सकाळीच होते हा समज चुकीचा आहे; कित्येकींना ती संध्याकाळी, ऑफिसमधून थकून परतल्यावर अधिक होते. वारंवार लघवीला जावे लागणे हेही लवकर येते, कारण गर्भाशय मोठे होऊन मूत्राशयावर दाबू लागण्याच्या कितीतरी आधी मूत्रपिंडांकडे जाणारा रक्ताचा ओघ वाढलेला असतो. घशाशी आंबट येण्याबाबत तुमचे पती अगदीच चुकीचे नाहीत: प्रोजेस्टेरॉनमुळे अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप सैल पडते, अन्न पुढे सरकण्याचा वेग मंदावतो आणि आम्ल वर येते. ॲसिडिटी असणे आणि दिवस गेलेले असणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. सासूबाईंनाही वाईट वाटू देऊ नका. त्यांनी पाहिलेल्या बायकांवरून त्यांनी अंदाज केला आहे आणि तो बरोबरही ठरेल. पण चेहऱ्यावरचे तेज, आंबट खावेसे वाटणे, किंवा लघवीत मीठ वा टूथपेस्ट घालून पाहणे यांवर औषधाचा, एक्स-रेचा किंवा पुढच्या नऊ महिन्यांचा निर्णय बेतता येत नाही. उलट, काहीच लक्षणे नसलेल्या आणि पाळी चुकण्याखेरीज काही न जाणवलेल्या गरोदर स्त्रियाही आम्ही नेहमी पाहतो. लक्षण नाही म्हणून गर्भात काही कमी आहे असे मुळीच नसते.

चाचणी कशी करावी हे थोडे बारकाईने सांगते, कारण चुका इथेच होतात. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या किटवरची मुदतीची तारीख आधी पाहा. पाकीट आदल्या रात्री उघडून ठेवू नका, दमट पावसाळी हवेत तर नकोच. रात्री भरपूर पाणी पिऊन लघवी पातळ झालेली नसावी, म्हणूनच सकाळची पहिली लघवी बरी. ती स्वच्छ, कोरड्या भांड्यात घ्या, किट सपाट जागी ठेवा आणि पाकिटातल्या ड्रॉपरने गोल खाचेत माहितीपत्रकावर लिहिले असतील तितकेच थेंब सोडा, बहुतेक किटमध्ये ते तीन असतात. मग घड्याळ लावून पाच मिनिटे थांबा. ‘सी’ अक्षरासमोरची रेघ उमटली नाही, तर किट बिघडलेले आहे असे समजून नवे आणा. ‘सी’ आणि ‘टी’ दोन्हींसमोर रेघा उमटल्या, तर ‘टी’ची रेघ फिकट गुलाबी असली तरी चाचणी सकारात्मक आहे. मात्र टाकून दिलेले किट तासाभराने कचऱ्याच्या डब्यातून काढून पुन्हा पाहू नका; वाळताना तिथे करडी रेघ उमटते आणि तिच्यावरून घरात विनाकारण पेढे येतात. किट विकत घेण्याची अडचण असलेल्या वाचकांसाठी सांगते की शासनाचे ‘निश्चय’ नावाचे किट आशा कार्यकर्तीकडे मिळते आणि सरकारी दवाखान्यांतही ही तपासणी होते.

उद्याची चाचणी नकारात्मक आली आणि पाळीही आली नाही, तर एका आठवड्याने आणखी एकदा करा, कारण बीज २६ जूनच्याही नंतर बाहेर पडलेले असू शकते. तीही नकारात्मक असेल, तर डॉक्टरांकडे जाऊन रक्तातली एचसीजीची पातळी आणि सोबत थायरॉइड तपासून घ्या. थायरॉइडचा बिघाड, पीसीओडी हा अंडाशयांशी निगडित संप्रेरकांचा बिघाड, दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढणे, वजनात झपाट्याने झालेला बदल, इतकेच काय, नोकरी बदलण्याचा ताणही पाळी लांबवतो, आणि त्यांतल्या कित्येक गोष्टी वेळीच हाती घेतलेल्या बऱ्या.

निर्णय लागेपर्यंत तुम्ही गरोदर आहात असे धरूनच वागा, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्यात गमावण्यासारखे काही नाही. आजपासून फॉलिक ॲसिड सुरू करा, रोज ४०० मायक्रोग्रॅम. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नलिकेपासून घडतो ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकल्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच. डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत थांबणाऱ्या मुलींच्या हातून हेच मोलाचे दिवस निसटतात. आयब्युप्रोफेनच्या त्या दोन गोळ्यांची धास्ती घेऊ नका, पण यापुढे ती घेऊ नका. अंगदुखी किंवा ताप असेल तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्यावे. वाचकांपैकी कोणी मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन, फिट्ससाठी व्हॅलप्रोएट किंवा संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेत असेल आणि पाळी चुकली असेल, तर तिने त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. फिट्सचे औषध कोणीही आपल्या मनाने बंद करू नये, आणि थायरॉइडची गोळी तर मुळीच बंद करू नये. मद्य आणि तंबाखू नको; मिश्री ही तंबाखूच आहे, हे घरातल्या मोठ्यांना समजावून सांगावे लागते. पिकलेल्या पपईची एखादी फोड खाल्ली म्हणून काही होत नाही, कच्ची पपई मात्र टाळावी. चहा-कॉफी दिवसाला दोन कपांच्या पलीकडे जाऊ देऊ नका.

छातीच्या एक्स-रेमध्ये गर्भाशयापर्यंत पोहोचणारे किरण अत्यल्प असतात, त्यामुळे एखादीचा नकळत काढून झाला असेल तर तिने घाबरू नये. तुमचा अजून व्हायचा आहे, म्हणून तो पुढे ढकलणे उत्तम. तपासणीच्या ठिकाणी ‘माझी पाळी लांबली आहे’ एवढे तंत्रज्ञाला सांगितले तरी पुरते, हा प्रश्न त्यांनी स्वतःहून विचारणेच अपेक्षित असते. नव्या नोकरीविषयी एक माहिती ठेवा: अपेक्षित प्रसूतीच्या तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्या संस्थेत किमान ८० दिवस काम झालेले असेल, तर पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा हा कायद्याने दिलेला हक्क आहे. ५ जूनच्या पाळीवरून तुमची तारीख १२ मार्चला येते, बीज उशिरा बाहेर पडले असेल तर आणखी आठवडाभर पुढे. तेव्हा १ ऑगस्टला रुजू झालात तर ही अट सहज पूर्ण होते.

दुचाकीबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण पुण्यात हा प्रश्न टळत नाही. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाशय कटीच्या हाडांच्या आत सुरक्षित असते आणि गतिरोधकावर बसलेल्या हादऱ्याने गर्भ पडत नाही. सुरुवातीच्या काळात होणारे बहुतेक गर्भपात गुणसूत्रांतल्या दोषांमुळे होतात. बादली उचलली, जिना चढला, गाडी चालवली म्हणून नव्हे, आणि त्याचा दोष कोणत्याही सुनेच्या माथी मारला जाऊ नये. धोका आहे तो पडण्याचा. वारज्याहून हिंजवडीपर्यंत महामार्गावर भर पावसात, त्यातही मळमळ आणि गरगर होत असताना गाडी चालवण्यापेक्षा हे काही आठवडे कंपनीची बस किंवा एखाद्या सहकाऱ्याची चारचाकी पाहा. याच मोसमात डासांचीही काळजी घ्या. २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात झिकाचे रुग्ण आढळले होते आणि त्यांत गरोदर स्त्रियाही होत्या. हा विषाणू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, तोच डेंग्यूही पसरवतो. कुंड्यांखालच्या ताटल्यांतले पाणी ओता, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि ताप आला तर अंगावर काढू नका.

यापुढचे नीट लक्ष देऊन वाचा. चाचणी सकारात्मक आली आणि त्यानंतर ओटीपोटात एकाच बाजूला दुखू लागले, अंगावरून रक्त जाऊ लागले, खांद्याच्या टोकाशी विचित्र कळ आली किंवा चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, तर गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत राहिला असण्याची शंका घ्यावी लागते. दर शंभर गरोदर स्त्रियांत एक-दोघींना असे होते. नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन जीव धोक्यात येतो, आणि बाहेर दिसणारे रक्त मात्र थोडेच असू शकते. अशा वेळी ‘सकाळपर्यंत बघू’ असे म्हणत बसू नका. १०८ वर रुग्णवाहिका बोलवा किंवा प्रसूतिविभाग असलेले जवळचे रुग्णालय गाठा. पाणीसुद्धा दिवसभर पोटात टिकत नसेल आणि लघवी गडद व कमी होऊ लागली असेल, तरीही त्याच दिवशी दाखवा. शिरेतून पाणी आणि गर्भारपणात चालणारी मळमळीची औषधे देऊन आराम पडतो, सोसत राहण्याची गरज नसते.

चाचणी सकारात्मक आली आणि दुखणे किंवा रक्त जाणे नसेल, तर दुसऱ्याच दिवशी सोनोग्राफीसाठी धावू नका. तुमच्या तारखा उशिराच्या धरल्या तर आज गर्भ जेमतेम साडेचार आठवड्यांचा असेल आणि पडद्यावर काही दिसणार नाही. मग ‘बाळ दिसत नाही’ या एका वाक्याने घरावर दडपण येते. जुलैच्या अखेरीस सोनोग्राफी केलीत, तर गर्भ जागेवर आहे की नाही आणि त्याचे ठोके, दोन्ही एकाच खेपेला कळतील. तेव्हाही तो ५ जूनच्या हिशेबापेक्षा आठवडाभर लहान दिसला, तर घाबरून जाऊ नका, कारण तुमचे बीजच उशिरा बाहेर पडलेले असेल. खासगी रुग्णालय परवडत नसलेल्या वाचकांसाठी मंगळवार पेठेतले महापालिकेचे कमला नेहरू रुग्णालय आणि ससून येथे गरोदरपणाची तपासणी होते. कुठेही जा, पण नावनोंदणी बारा आठवड्यांच्या आत करा.

मूल आत्ता हवे की नको हे उमगत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. असे वाटणाऱ्या तुम्ही पहिल्या नाहीत, आणि त्याबद्दल स्वतःला बोल लावून घेण्याचे कारण नाही. हा निर्णय तुमचा आहे. १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये सुधारणा झाली असून, त्यात सांगितलेल्या कारणांसाठी २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो; स्त्री सज्ञान असेल तर केवळ तिची संमती लागते, पतीची किंवा सासरची नाही, आणि तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मात्र औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणून घरी घेऊ नका. नळीतला गर्भ त्या गोळ्यांनी पडत नाही आणि निदानाला जीवघेणा उशीर होतो. मन डळमळीत असेल तर घाई करू नका, आधी निदान पक्के होऊ द्या. तीन महिने होईपर्यंत कोणाला काही सांगू नये अशी आपल्याकडे रीत आहे. ती पाळायची तर पाळा, परंतु सर्वांत अधिक त्रास आणि काळजी याच तीन महिन्यांत असते, म्हणून पतीखेरीज निदान एका विश्वासाच्या व्यक्तीला तरी सांगून ठेवा. उद्याची रेघ आधी तुम्ही स्वतः पाहा, जरा वेळ घ्या आणि मग ती कोणाला, केव्हा दाखवायची ते तुम्हीच ठरवा.

राहिला श्रावणी सोमवार. पोट रिकामे राहिले की मळमळ वाढते आणि घशाशी आंबटही जास्त येते. गर्भ राहिला असेल तर दर दोन-अडीच तासांनी थोडे थोडे पोटात जायला हवे. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी कोरडी खाकरी किंवा मूठभर चुरमुरे खाल्ले तर पुष्कळींना बरे वाटते. म्हणून चाचणी सकारात्मक आली तर यंदा उपास धरू नका. सासूबाईंना वाईट वाटेल असे वाटत असेल, तर पहिल्या तपासणीला त्यांना सोबत घेऊन जा आणि हे डॉक्टरांच्याच तोंडून त्यांच्या कानावर जाऊ द्या.